१९४४ ची जीप, १९६४ ची डिलाइट: त्या काळाचे कामाचे कपडे नाशकात कुठे मिळतील, की शिवून घ्यावेत?

गंगापूररोड_११००

नमस्कार मंडळी. घरात दोन गाड्या आहेत, १९४४ ची विलीज एमबी आणि १९६४ ची फियाट डिलाइट. प्रदर्शनात गाडीशेजारी शोभतील आणि एरवी बॉनेटखाली हात घालतानाही अंगावर राहतील असे त्या त्या काळाचे कामाचे कपडे हवे आहेत. तीन जोड करायचे आहेत: माझा (उंची ५ फूट ७ इंच, छाती ४०), भावाचा (५ फूट १०, छाती ४४) आणि मुलीचा (५ फूट ३).

बाजारात दिसणाऱ्या बॉयलर सूटना (शर्ट-पँट एकत्र शिवलेला कामाचा पोशाख) चकाकत्या पट्ट्या, नायलॉनची चेन आणि कमरेला इलॅस्टिक असतं. ते या गाड्यांजवळ डोळ्यांना खुपतं. तीन गोष्टी विचारायच्या आहेत. दुकानदार ‘प्युअर कॉटन’ म्हणतो ते खरं की खोटं कसं ओळखायचं? तयार सूट घेऊन बदलून घेणं बरं की नवा शिवणं? आणि शिवायचा झाला तर टेलरला नेमकं काय सांगायचं? हातात अडीच महिने आहेत.

ताग्यातला_धागा

आधी कापडाचं बोलू, कारण कापड चुकलं तर पुढची सगळी मेहनत वाया जाते.

दुकानात ‘कॉटन ड्रिल’ (तिरक्या विणीचं जाड सुती कापड) मागा आणि ‘टेरीकॉट नको’ हे स्पष्ट सांगा. युनिफॉर्मच्या दुकानात ६७ टक्के पॉलिएस्टर आणि ३३ टक्के सुताचं मिश्रणही सर्रास कॉटन म्हणून दाखवतात. काठाचे चार-पाच धागे उपसून दुकानाबाहेर काडीवर धरा. सूत कागदासारखं जळतं, वास जळक्या कागदाचा येतो आणि मागे मऊ राखाडी राख राहते. पॉलिएस्टर आक्रसतं, वितळतं आणि थंड झाल्यावर कडक काळा मणी उरतो. मिश्रणात राख आणि मणी दोन्ही सापडतात. उभा आणि आडवा, दोन्ही धागे वेगवेगळे जाळा, कारण काही कापडांत एकाच दिशेला पॉलिएस्टर असतं.

शुद्ध सुताचा आग्रह फक्त दिसण्यासाठी नाही. गॅस वेल्डिंगची ठिणगी सुतावर पडली की भोक पडतं. पॉलिएस्टरवर पडली की कापड वितळून कातडीला चिकटतं. आणि १९४४ साली भारतात पॉलिएस्टरचं कापड नव्हतंच. टेरिलिन या पॉलिएस्टर धाग्याचा शोध इंग्लंडमध्ये १९४१ सालचा, आणि आपल्याकडे ते अंगावर आलं साठच्या दशकात, तेही बाबू लोकांच्या शर्टपँटमध्ये.

वजन २४० ते २७० जीएसएम (चौरस मीटरला ग्रॅम) घ्या. जुन्या हिशेबात हे चौरस वाराला साधारण ७ ते ८ औंस होतं. दुकानदाराच्या आकड्यावर विसंबू नका. नमुन्यातून बरोबर १० बाय १० सेंटिमीटरचा तुकडा कापा आणि सराफ बाजारात ओळखीच्या पेढीवर काट्यावर ठेवा. ग्रॅमला शंभरने गुणलं की जीएसएम मिळतो. २.५ ग्रॅम भरलं तर २५०. २०० च्या खालचं ड्रिल गुडघ्यावर टिकत नाही, आणि ३०० च्या वरचं नाशकाच्या एप्रिलमध्ये अंगावर ठेववत नाही.

आटण्याचं गणित कापायच्या आधीच करा. ५० सेंटिमीटरचा चौकोन पेनने आखा, गरम पाण्यात अर्धा तास भिजवा, पिळून उन्हात वाळवा, इस्त्री करून पुन्हा मोजा. उभ्या बाजूला ४७ भरलं तर आट ६ टक्के. सॅनफोराइज्ड (गिरणीतच आधी आटवलेलं) कापड एक-दीड टक्क्यात थांबतं, न केलेलं ८ पर्यंतही जातं. काहीही निघालं तरी सगळं कापड शिवण्याआधी दोनदा गरम पाण्यातून काढा. पहिल्या धुण्यात खळ निघते, आट बऱ्याचदा दुसऱ्या धुण्यात पूर्ण होते. हे टाळलं की पहिल्या महिन्यातच सूट खाली बसताना आसनात (दोन पायांमधल्या जोडात) ओढतो. शिवाय ड्रिलची वीण तिरकी असल्यामुळे पायाची शिलाई पिळवटून नडगीवर येते, आणि मग ती दुरुस्त होत नाही.

५८ इंची पन्ह्यात छाती ४० च्या सूटला सव्वातीन मीटर लागतं, आट धरून साडेतीन. ४४ ला चार. मुलीच्याला तीन. दोन रंग घेणार असाल तर त्या त्या रंगाचं सगळं कापड एकाच ताग्यातून फाडून घ्या, आणि ठिगळांसाठी अर्धा मीटर जास्तीचं घेऊन तेही सोबतच धुऊन ठेवा. पुढच्या वर्षी त्याच दुकानात त्याच नावाचा रंग मिळाला तरी छटा जुळत नाही.

मेन रोड, रविवार कारंजा या भागातल्या घाऊक कापडवाल्यांकडे आणि शाळेचे गणवेश पुरवणाऱ्यांकडे ड्रिल असतं. खाकी घेताना ‘व्हॅट डाइड’ मागा, ती खाकी उन्हात आणि सोड्यात लवकर उतरत नाही. मालेगाव जवळ आहे म्हणून थेट यंत्रमागावर जाण्याचा मोह होईल. पण तिथे मुख्यतः साध्या विणीचं कोरं कापड निघतं आणि वेगळी वीण हवी तर मोठी ऑर्डर लागते. तीन सूटसाठी ते परवडणार नाही.

अंबड_सेफ्टी_शेल्फ

वेळ कमी असेल तर तयार सूट बदलून घेणं जमतं, पण नीट निवडलं तरच. सातपूर आणि अंबड एमआयडीसीच्या आसपासच्या सेफ्टीच्या दुकानांत साधे निळे कॉटनचे बॉयलर सूट मिळतात. पट्टीवाला घेऊन पट्टी उसवायचा विचार सोडून द्या. पट्टीखालचं कापड उन्हापासून झाकलेलं राहतं, ते कायम गडद दिसतं, आणि सुईची भोकं ओळीने उठून दिसतात. बिनपट्टीचाच मागा, दुकानदार मागवून देतात.

चेन काढून बटणं लावताना बहुतेक जण एक गोष्ट विसरतात. चेनसाठी कापडाची आतली दुमड जेमतेम दीड सेंटिमीटर सोडलेली असते. बटणपट्टीला दोन्ही बाजूंना तयार ४ सेंटिमीटर लागतात, म्हणजे साधारण १० सेंटिमीटर रुंद आणि ७५ सेंटिमीटर लांब अशा दोन पट्ट्या वेगळ्या कापायला हव्यात. एवढं कापड त्या सूटमध्ये कुठेच नसतं. म्हणून एकाच लॉटचे दोन सूट घेऊन एक फाडायला वापरा. त्यातून पट्ट्या, कमरेचा पट्टा आणि ठिगळं सगळं निघतं. दोन्ही आधी तीन वेळा धुवा, मग उसवा.

कमरेचं इलॅस्टिक काढून तिथे त्याच कापडाचा ४ सेंटिमीटर रुंद पट्टा द्या. छापील लोगो असेल तर तो सूट घेऊच नका.

डिलाइटसाठी हा मार्ग पुरेसा आहे. जीपसाठी मात्र शिवून घ्या. तयार सूटच्या खांद्याची ठेवण आजची असते, ती लपत नाही.

मापपट्टी

तीन माणसांच्या अंगलटी तीन तऱ्हेच्या आहेत, त्यामुळे माझं मत शिवण्याच्याच बाजूने. टेलर शर्टपँटचा असेल तर तो छाती, कंबर, उंची घेईल आणि धडाचा घेर घेणार नाही. बॉयलर सूट नेमका तिथे फसतो.

धडाचा घेर असा घ्या: खांद्याच्या मध्यावरून टेप पुढून खाली, दोन पायांमधून मागे, पाठीवरून परत त्याच बिंदूवर. ५ फूट ७ इंच उंचीच्या माणसाला हे माप बहुधा ६४ ते ६६ इंच भरतं. त्यात किमान ४ आणि शक्यतो ५ इंच ढिलाई द्या. शर्टपँट कमरेपाशी सुटे असतात म्हणून वाकताना शर्ट वर सरकतो, पँट खाली सरकते. बॉयलर सूटमध्ये दोन्ही एकमेकांना शिवलेले. ढिलाई कमी पडली की उकिडवं बसताना आसन उसवतं किंवा बटणपट्टी तुटते. छातीला ७ ते ८ इंच ढिलाई (४० ला तयार ४७–४८), बैठकीला (नितंबांच्या घेराला) ६ इंच. भावाची छाती ४४ म्हणून टेलर धडही आपोआप वाढवेल असं समजू नका. उंची आणि रुंदी वेगवेगळी वाढतात, त्याचा धडाचा घेर वेगळा मोजा.

पाठीला दोन्ही खांद्यांखाली एकेक खोल चुणी, प्रत्येकी दीड ते दोन इंचांची, कमरेच्या पट्ट्यात पकडलेली. हात पुढे नेल्यावर ती उघडते, हात खाली आला की मिटते. बगलेत चौकोनी कळी घाला, बाजू ४ इंच. आपल्या जुन्या अंगरख्यात, सदऱ्यात हीच कळी असते, ज्येष्ठ टेलरना ती वेगळी शिकवावी लागत नाही. कळी नसली तर हात डोक्यावर नेताच सगळा सूट वर ओढला जातो आणि घोटे उघडे पडतात. गाडीखाली उताणं पडून काम करताना ते लगेच जाणवतं.

शिलाई ओव्हरलॉकची नको. बाजूच्या, आतल्या पायाच्या आणि आसनाच्या शिलाईत दोन्ही कडा एकमेकींत दुमडून वरून दोन समांतर टिपा मारायच्या, दोन टिपांत पाव इंच अंतर. इंचाला ८ ते ९ टाके. १२ टाके घातले तर जाड ड्रिलमध्ये सुईची भोकं इतकी जवळ येतात की कापड टपाल तिकिटासारखं फाटतं. सुई १८ नंबर. खिशांच्या तोंडांना आणि बटणपट्टीच्या तळाला आडवी घट्ट टीप हवीच.

बटणपट्टी झाकलेली ठेवा, म्हणजे काज आतल्या पट्टीवर आणि वरून सपाट कापड. फेंडरवर ओणवं झाल्यावर उघडं पितळी बटण रंगावर ओरखडा उठवतं. त्याच कारणाने कमरेच्या पट्ट्याला पुढे बकल नको, बाजूला दोन बटणं द्या. मनगटाला बटणाची कफ, घट्ट बसणारी. सुटी बाही फॅनबेल्टजवळ घातक असते. १९४४ च्या जीपला हँडल मारताना तर कफ आणि पट्टा दोन्ही बंद असलेच पाहिजेत.

खिसे: छातीला दोन, झाकणाचे. मागे एक. उजव्या मांडीवर फूटपट्टीचा अरुंद खिसा, ३ इंच रुंद, ९ इंच खोल, आणि त्याचं तळ फक्त वरूनच शिवा, कारण आतल्या शिलाईत धूळ-ग्रीस साठून तोच भाग आधी कुजतो. बाजूला खिशाऐवजी उघडी फट ठेवा, म्हणजे आतल्या पँटच्या खिशात हात जातो.

मुलीच्या सूटला कमरेत आडवी शिलाई घालून वरचा आणि खालचा भाग वेगळा कापा. पुरुषाचा सूट लहान करून दिला तर खांदे उतरतात आणि बैठकीत आवळतो. छातीच्या मापावर नको, बैठकीच्या मापावरून साइज ठरवा आणि वर कमी करत जा. युद्धकाळात कारखान्यांत काम करणाऱ्या बायकांचे ओव्हरऑल याच पद्धतीने कमरेत बसवलेले असत, डोक्याला रुमाल बांधून. त्यामुळे जीपशेजारी तिचा पोशाख अगदी योग्य दिसेल.

महत्त्वाचं राहिलंच: आधी मांजरपाटाचा कच्चा सूट शिवून घ्या, मोठ्या टाक्यांनी, खिसे-कॉलर न लावता. तो घालून गाडीत बसा, उकिडवे बसा, दोन्ही हात वर करा, चाकाजवळ गुडघे टेका. जिथे ताणतं तिथे खडूने खूण करा. टेलरला हे अर्ध्या दिवसाचं काम आहे आणि ड्रिल वाया जाण्यापासून वाचतं. एकदा जमलेला कच्चा सूट उसवून ब्राउनपेपरवर उतरवून ठेवा.

देवळाली_खाकी

जीपचं थोडं वेगळं सांगतो. अमेरिकी सैन्यातले मेकॅनिक हेरिंगबोन (माशाच्या काट्यासारख्या नागमोडी) विणीचा एकसंध सूट घालत, सुरुवातीला फिकट करडा हिरवा, पुढे गडद ऑलिव्ह. तंतोतंत तोच करायचा तर वीण हेरिंगबोनचीच लागते. जवळून पाहणारा माणूस ऑलिव्ह ड्रिल लगेच ओळखतो. ते कापड इथे किरकोळीत सहज मिळत नाही.

पण हिंदुस्थानात त्या काळी सैन्याची गाडी चालवणारा, दुरुस्त करणारा माणूस बहुतेक खाकी ड्रिलमध्ये असे: अर्धी बाही दुमडलेला शर्ट, गुडघ्यापर्यंत रुंद पायाची हाफपँट, लोकरी मोजे, काळे किंवा तपकिरी बूट. इथल्या जीपजवळ हे अमेरिकी सूटपेक्षा खरं वाटतं, उन्हाळ्यात सुसह्य आहे आणि कापडही अर्धंच लागतं. हाफपँटची मोहरी (पायाच्या तोंडाचा घेर) मांडीच्या घेरापेक्षा ६ ते ८ इंच मोठी ठेवा. आजच्या मापाने शिवली की ती शाळेच्या गणवेशासारखी दिसते. कमर खरोखरीच्या कमरेवर, म्हणजे बेंबीच्या पातळीला. आसन त्या हिशेबाने १२ इंचांच्या वर जातं. टेलर ‘एवढं कशाला’ म्हणेल, तरी कमी करू देऊ नका. देवळाली कॅम्पातले युनिफॉर्म शिवणारे टेलर हे माप लवकर समजतात.

बटणांबाबत: उष्ण देशांतल्या खाकी कपड्यांना बटणं बहुधा सुटी असत. कापडाला दोन्ही बाजूंनी काज, बटणाच्या मागे कडी, आणि कडीत आतून छोटी दुहेरी रिंग. धोब्याकडे देताना रिंग काढून बटणं घरी ठेवायची, कारण दगडावर आपटल्यावर बटणंही जात आणि कापडही. आजही हे सोयीचं आहे. रिंग १० मिलिमीटरची पुरते, किचेनवाल्यांकडे मिळते. काज मात्र गोल आणि हाताने भरलेला करून घ्या, मशीनचा लांबट काज बटण सैल सोडतो.

गंगापूररोड_११००

मापपट्टी, धडाच्या घेराचं माहीतच नव्हतं, फार उपयोगी पडेल. देवळाली, खाकीची सूचना पटली: जीपला खाकी, डिलाइटला निळा असं ठरवतो. अजून दोन शंका. मनासारखा निळा मिळाला नाही तर पांढरं ड्रिल रंगवता येईल का? आणि डिलाइटच्या सूटला चेन चालेल का? छातीवर पेट्रोल कंपनीचा बिल्ला लावायचा विचार आहे.

ताग्यातला_धागा

चेन चालेल. तीसच्या दशकापासून कपड्यांत चेन होती, तेव्हा १९६४ ला हरकत नाही. फक्त पितळी दातांची घ्या आणि वर झाकणपट्टी ठेवा. नायलॉनची वेटोळ्याची चेन नको.

निळ्यावरून आठवलं: जाड्या निळ्या सुती कापडाला इंग्रजीत जे डंगरी म्हणतात ते नाव मुंबईच्या डोंगरीवरून गेलेलं आहे. तेव्हा निळा सूट परका वाटून घेऊ नका.

रंगवता येतो, पण शिवलेला सूट रंगवू नका. टेलर पॉलिएस्टरचा दोरा वापरतो, तो सुताच्या रंगात रंगत नाही. सगळ्या टिपा पांढऱ्या उठून दिसतात. कापडच रंगवा आणि निळ्या सुती दोऱ्याने, ४० नंबरच्या, शिवा.

एका सूटचं कापड कोरडं सव्वा किलोच्या आसपास भरतं. आधी पाण्यात सोडा ॲश घालून (लिटरला ५ ग्रॅम) तासभर उकळा. पाण्याचा थेंब टाकताच कापडाने तो शोषला पाहिजे, थेंब वर उभा राहिला तर खळ शिल्लक आहे आणि रंग ठिपक्यांत बसेल. मग २५ लिटर पाणी, कोल्ड रिॲक्टिव्ह (न उकळता सुतावर पक्का बसणारा) निळा रंग ५० ग्रॅम, मीठ सव्वा किलो (तीन हप्त्यांत, अर्ध्या तासात), आणि शेवटी सोडा ॲश ५०० ग्रॅम. सोडा वेगळ्या भांड्यात पूर्ण विरघळवूनच घाला, कापड बाजूला उचलून. थेट कापडावर पडला की तिथे गडद डाग कायमचा. त्यानंतर एक तास सतत हलवत राहा. तीन-साडेतीन मीटर कापड बादलीत कोंबलं तर घडीच्या जागी रेघा राहतात, म्हणून मोठा ड्रम लागतो. शेवटी पाणी स्वच्छ येईपर्यंत खळबळून उकळत्या साबणाच्या पाण्यात दहा मिनिटं. हे सोडलं तर सुटा रंग सीटच्या पांढऱ्या कव्हरला लागेल. ड्रम आणि काठी पुन्हा स्वयंपाकाला वापरू नका, आणि रंगाची पूड मिसळताना नाकावर मास्क हवाच.

काज_बटण

बिल्ल्याचं साल तपासा. बर्मा-शेल, एस्सो, कॅलटेक्स, इंडियन ऑइल हे चारही १९६४ ला बरोबर. एस्सोच्या जागी १९६२ च्या आधी स्टॅनव्हॅक होतं. हिंदुस्थान पेट्रोलियम १९७४ चं आणि भारत पेट्रोलियम हे नाव १९७७ चं, म्हणून ती दोन्ही डिलाइटला नकोत. जीपवाल्या खाकीवर कुठलाच पेट्रोल बिल्ला नको.

कॉम्प्युटर एम्ब्रॉयडरी चकचकीत रेयॉनच्या दोऱ्यात भरली की ती आजचीच दिसते. सुती दोऱ्यात, हाताच्या साखळी टाक्याने, वेगळ्या कापडावर भरून मग छातीवर शिवा. सूट धुताना बिल्ला उसवता येतो.

अंबड_सेफ्टी_शेल्फ

धुण्याबद्दल कोणी लिहिलं नाही म्हणून. पेट्रोलने भिजलेला सूट मशीनमध्ये टाकू नका. आधी मोकळ्या हवेत, ज्योत-स्विचपासून दूर, वास जाईपर्यंत वाळवा. ग्रीसच्या डागावर कोरडा साबण चोळून रात्रभर ठेवा, मग गरम पाणी.

बॅटरीचं पाणी सुताचा सगळ्यात मोठा शत्रू. थेंब पडला तेव्हा काही दिसत नाही. पण सल्फ्युरिक आम्ल उडून जात नाही, पाणी वाळत जातं तसं ते तिथल्या तिथे तीव्र होतं आणि सूत खातं. पुढच्या धुण्यात अचानक भोकं दिसतात आणि दोष साबणाला दिला जातो. थेंब उडाल्याची नुसती शंका आली तरी लगेच सूट उतरवून तो भाग भरपूर पाण्याने धुवा, मग एक लिटर पाण्यात दोन मोठे चमचे खायचा सोडा घालून बुडवा, फेस येणं थांबेपर्यंत. बॅटरीजवळ जाताना वरून रबराचा एप्रन घालायचाच. एप्रनचा पट्टा मानेमागे गाठीचा नको, हुकाचा हवा, म्हणजे आम्ल उडालं तर एका हाताने झटक्यात निघतो.

मापपट्टी

एक भर. कच्चा सूट घालून बघायला डिलाइटमध्ये बसाल तेव्हा क्लच पूर्ण दाबून बघा. मांजरपाट मांडीला ओढतंय असं वाटलं तर पायाची लांबी ठीक असते, आसन कमी असतं. टेलर पाय लांब करून देईल, त्याने काही होत नाही. मागचं आसन एक इंच वाढवायला सांगा.